बाईंचं पत्र मी साठवलं नाही

ऑफिस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तहसीलचा व्हरांडा येतो. घरचे आत जातात, आपण बाहेर उभं राहायचं, आणि बोलावलं तर पदर सारखा करून सही द्यायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी दिवाळीला लेक आली आणि म्हणाली, "आई, ह्या लॅपटॉपात तुला ऑफिस टाकून देते," तेव्हा मी म्हणाले, "मला काय करायचं ऑफिस? नको."

"अगं, फुकट आहे. कुणाला पैसे द्यायचे नाहीत."

"फुकट असलं तरी नको."

"तू आधी नको म्हण, मग परत नको म्हण, मग हो म्हण. मला माहीत नाही का तुझं?" ती हसली आणि तिनं टाकलंच.

लॅपटॉप तिचा जुना होता. नोकरी लागल्यावर तिला नवा मिळाला, हा घरी राहिला. तारेला लावला तरच चालायचा. तिनं एकेका बटणावर मराठी अक्षराची चिकटपट्टी लावली. मग मला शेजारी बसवून म्हणाली, "तू जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर लिहितेस आणि ज्वारीच्या कोठीत ठेवतेस ना? आता इथं लिही." कोठीतल्या वह्या कुणाला माहीत नाहीत असं मला वाटत होतं.

मी चौथी शिकले. आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. पुढं दुसऱ्या गावाला चालत जायचं, आणि मुलीला एकटं कोण पाठवतं? पण लिहायची सवय राहिली. कुणाला दाखवायला नाही. दिवसभर तोंडातून न निघालेलं काहीतरी असतं, ते कुठंतरी ठेवावं लागतं.

लेकीनं तीन दिवस शिकवलं. ते ऑफिस उघडलं की चार-पाच प्रकारची कामं दिसायची, चौकटींचा तक्ता, चित्रं, अजून काय काय. मला तिनं एकच सांगितलं, पहिल्यावर दाबायचं. मग कोरा कागद यायचा आणि त्यावर एक बारीक उभी रेघ लुकलुकायची. ती रेघ बघून मला बोलायला लावणाऱ्या माणसासमोर बसल्यासारखं अवघडायला व्हायचं. 'क' कुठं, 'म' कुठं हे पंधरा दिवसांत बोटांना कळलं. जोडाक्षराला मात्र मधे एक वेगळं बटण दाबावं लागायचं आणि ते मला कधीच वेळेवर सापडायचं नाही. एक 'स्वयंपाक' लिहायला भाजी करपेल एवढा वेळ.

आणखी एक गोष्ट होती. मी जे लिहीन त्या प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ यायची. 'आज' लिहिलं, लाल. 'पाणी' लिहिलं, लाल. शाळेत गुरुजी चुकलेल्या शब्दाखाली अशीच लाल शाई ओढायचे. मला वाटलं, माझं सगळंच चुकतंय. लेकीला फोनवर विचारायची लाज वाटली. ती म्हणेल, एवढं शिकवलं तरी आई सगळं चुकीचंच लिहिते.

लिहून झालं की मी कागद बंद करायची. तेव्हा ते यंत्र विचारायचं, बदल साठवायचे का. खाली बटणं असायची, 'साठवा' आणि 'साठवू नका'. मी रोज 'साठवू नका' दाबायची. पानभर लाल रेघांचं लिहिणं ठेवायचं कशाला? भाजीला मीठ जास्त पडलं, शेळीला गोचीड झाले, असलं काहीतरी तर लिहिलेलं असायचं. रांगोळीसुद्धा दुसऱ्या दिवशी आपण झाडूनच टाकतो. शिवाय कुणी काही विचारलं की पहिल्यांदा 'नको'च म्हणायचं, हे आईनं आम्हा बहिणींना लहानपणीच शिकवलेलं. कुणाच्या घरी गेलं आणि शेव-चिवडा पुढं आला की आई नुसती बघायची. आम्ही म्हणायचो, नको. घरातली बाई म्हणायची, घे गं. आम्ही म्हणायचो, नको, पोट भरलंय. ती परत म्हणायची, मग घ्यायचो. तिसऱ्यांदा विचारणारच, हे पोट भुकेलं असलं तरी ठाऊक असायचं.

असे चार महिने गेले. रोज एक कागद भरायचा, रोज पुसायचा. बोट आपोआप त्या दुसऱ्या बटणाकडं जायला लागलं.

आमचं घर कळमनुरीच्या बाजूला. एका अंगणात दोन चुली, एक माझी आणि एक माझ्या थोरल्या जावेची. त्यांना मी 'बाई' म्हणायची. दीर जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुली दिल्या घरी, त्यामुळं बाई एकट्याच राहायच्या. तीस वर्षं आम्ही एका अंगणात काढली. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत. मीही कधी उलटून बोलले नाही. पण जिव्हाळ्यानं बसून काही बोललो, असंही नाही. मी बोलत नाही आणि त्यांना विचारायची सवय नाही.

त्या एक दिवस दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय करून राहिली गं त्या पेटीसंगं? रोज दुपारी टकटक ऐकू येऊन राहिली."

"काही न्हाई बाई. लिहिते उगं."

"त्यात लिहिलेलं छापून निघतं म्हणे."

"निघतं. कळमनुरीला न्यावं लागतं."

त्या उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "मला एक पत्र लिहून दे. वसमतला."

वसमतला त्यांची धाकटी बहीण होती. दोघींचं बोलणं बत्तीस वर्षांपासून बंद होतं. लग्नकार्यात समोरासमोर आल्या की "बरं हाय का?" "बरं हाय." एवढंच. कारण सगळ्या पाहुण्यांना माहीत होतं. त्यांची आई वारली तेव्हा धाकटीला वेळेवर कळवलं नाही. ती आली तेव्हा सगळं आटोपलेलं. आजारपणात आईजवळ बाई होत्या, म्हणून कळवणं बाईंचं काम होतं.

मी म्हणाले, "फोन लावून देऊ का?"

"तिला ऐकू येत न्हाई आता. फोन तिची सून घेते. सुनेला काय सांगू मी?"

"मग हातानं लिहिते की."

"हातानं लिहिलेलं घरचे लोक उगं कुठंबी टाकतेत. छापलेला कागद असला तं माणूस जपून ठेवतं. नात वाचून दाखवंल तिला." मग हळूच म्हणाल्या, "माझ्या छातीत दुखून राहिलं गं. कवा काय व्हईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. हळद शिजवायचे दिवस होते. गावातली सगळी माणसं शेतात होती, वाऱ्याबरोबर ओल्या हळदीचा उग्र वास घरापर्यंत येत होता. बाईंनी तोंड धुऊन, कुठं जायचं असावं तसं चांगलं लुगडं नेसलं होतं. मी लॅपटॉप पाटावर ठेवला.

"लिही," त्या म्हणाल्या. "तुला आईचं न कळवणारी मीच."

मी टाइप करायला लागले. बाई सावकाश सांगत होत्या, पण माझ्या बोटांपेक्षा वेगानं. त्यांनी सांगितलं की पहिल्यांदा आईनंच नको म्हटलं होतं. धाकटी तेव्हा ओली बाळंतीण होती, नवव्या दिवसाची. आई म्हणाली, तिला कळवू नका, लेकरू घेऊन धावत येईल. एवढं सगळ्यांना सांगितलं असतं तरी बाईंवरचा बोल गेला असता. पण त्यांनी पुढचंही सांगितलं. त्यानंतर आई आठ दिवस जगली. शेवटी शेवटी ती धाकटीचंच नाव घ्यायला लागली. "हगणं-मुतणं काढणारी मी, पाणी पाजणारी मी, आणि हाक मारायची तिला." तेव्हा निरोप पाठवता आला असता. बाळंतीण तोवर उठली होती, बैलगाडीनं येऊ शकली असती. "मी पाठवला न्हाई," बाई म्हणाल्या. "मला जळायला व्हायलं होतं. मी म्हणलं, नाव तुझं घेऊन राहिली, पण हात तं माझा धरून मरू दे."

हे लिहिताना मी खाली मान घालून होते. वर बघायचं धाडस झालं नाही.

मग त्या म्हणाल्या, "आता आईनं तिच्यासाठी सांगून ठेवलेलं लिही. ते मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई." आणि त्या सांगायला लागल्या. सात-आठ ओळी असतील. त्यात जोडाक्षरं फार होती. मी एकेक अक्षर शोधत होते. कानात शब्द येत होते आणि बोटातून खाली जात होते, मधे डोक्यात काही थांबत नव्हतं. कागदावर उतरतंय ना, मग मला ध्यानात ठेवायचं काय काम, असंच वाटलं असणार.

बाई थांबल्या. पदरानं नाक पुसलं. "वाच बरं एकदा."

मी वाचायला तोंड उघडलं तेवढ्यात फाटक वाजलं.

"काय वं, कुणी हाय का घरात?" गल्लीतली एक शेजारीण होती, ताडपत्री मागायला आलेली. तिचा आवाज तिच्या आधी घरात यायचा. "अगं माय! टीव्ही बघून राहिल्या का दोघी जावा? तिकडं हळद वाळायला घालायला माणूस न्हाई अन् इथं कलेक्टरीन बसली का काय!"

पडद्यावर बाईंचं आतलं सगळं उघडं पडलेलं, आणि ती शेजारीण चप्पल काढून आत येतेय. मी कागद बंद करायला गेले. यंत्रानं विचारलं. माझं बोट रोजच्या बटणावर गेलं.

पुढचा पडदा स्वच्छ. मी थांबले. मी खरंच थांबले होते, ते परत विचारील म्हणून.

"मला बघू तं दे, काय हाय ते," ती शेजारीण वाकून म्हणाली.

"काही न्हाई. कोराच हाय," मी म्हणाले. ते खरं होतं.

ती ताडपत्री घेऊन गेल्यावर बाई म्हणाल्या, "बरं झालं झाकलंस. हुशार हाईस." आणि त्या हसल्या. त्यांना तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं. पाठीवरचं ओझं उतरवून माणूस टेकतं तशा भिंतीला टेकल्या होत्या. "आता वाचू नको. लिहिलं तेवढं बस झालं. तू छापून टाक."

संध्याकाळी मी ते ऑफिस दहा वेळा उघडलं. प्रत्येक वेळी कोरा कागद आला. लेकीला फोन लावला आणि पाव्हण्या माणसासारखं विचारलं, "समजा एखाद्यानं न साठवता बंद केलं, तर ते कुठं असतं?"

"कुठंच नसतं आई. का गं? तुझं काही गेलं का?"

"नाही गं. उगं विचारलं."

दोन दिवसांनी मी बाईंना म्हणाले, "बाई, एक-दोन ओळी राहून गेल्या वाटतं. परत सांगता का जरा?"

त्यांनी मान हलवली. "एकदा काढलं ते काढलं. परत न्हाई निघायचं माझ्यानं. जेवढं उतरलं तेवढं धाड."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या रागावल्या नसत्या. कदाचित पुन्हा तोंड धुऊन, लुगडं बदलून बसल्याही असत्या. पण 'हुशार हाईस' हे शब्द मला तीस वर्षांत पहिल्यांदा मिळाले होते, आणि ते परत द्यायची माझी छाती झाली नाही.

मग मीच एक पत्र लिहिलं. बाईंचं मन मी माझ्या शब्दांत कसं लिहिणार? त्या जळण्याबद्दल लिहायला माझा हात धजेना. आणि आईचा निरोप तर मला आठवतच नव्हता. 'पाळणा' आणि 'उजव्या हाताला' एवढे दोनच शब्द मागं राहिले होते. मी लिहिलं, 'सप्रेम नमस्कार. माझी तब्येत बरी नसते. झाले गेले विसरून एकदा येऊन जावे.' हे मात्र नीट नाव देऊन साठवलं. कळमनुरीला छापून घेतलं. पाकिटावर पत्ता घालून टाकलं आणि बाईंना म्हणाले, "टाकलं."

"सगळं?"

"व्हय."

त्यानंतर महिनाभर बाई रोज दुपारी अंगणात खाट टाकून बसायच्या. फाटक वाजलं की मान वर करायच्या. हळद वाळून झाली, पॉलिश होऊन वसमतच्या बाजाराला गेली, तेव्हा कुठं उत्तर आलं. वहीचा एक कागद, नातीच्या अक्षरातला. मलाच वाचायचं होतं.

'तुमचे पत्र मिळाले. आम्ही सर्व मजेत आहोत. तब्येतीची काळजी घेणे. सध्या येणे जमणार नाही.'

"म्होरं काय हाय?" बाई म्हणाल्या.

"एवढंच हाय."

"पलटून बघ."

मी पलटला. मागची बाजू कोरी होती. मी ती त्यांना दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोरं कळत होतं.

त्यांनी फाटकाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मी तं सगळं सांगितलं व्हतं." आणि थोड्या वेळानं, "बराबर हाय तिचं. असं ऐकल्यावर कोण येईल?"

मी तिथंच उभी होते, हातात तो कागद घेऊन. दोन पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं, बाई, तुमचं पत्र गेलंच नाही. त्या खाटेवरून उठल्या, कागद मागून घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. मी आत जाऊन भाकरी थापायला बसले.

बाई त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी गेल्या. सकाळी झाडत होत्या, झाडू हातातच होता.

दहाव्याला त्यांची बहीण आली. सुनेनं हाताला धरून आणलं. दाराजवळ बसली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाली, "एकदा तरी मनापासून बोलवायचं व्हतं मला. पत्र आलं तं कसं, ग्रामपंचायतीची नोटीस आल्यावानी! मी म्हणलं, परत एकदा बोलवंल तं जाईन. न्हाई बोलवलं तिनं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी त्यांच्याजवळ गेले, वाकले आणि कानाशी म्हणाले, "मावशी, ते पत्र त्यांचं नव्हतं."

"आँ? काय म्हणली?"

"ते पत्र..."

"मोठ्यानं बोल गं, मला ऐकू येत न्हाई!"

पंचवीस-तीस माणसं माझ्याकडं बघत होती, बाहेर ओट्यावरचे पुरुषसुद्धा. हे त्यांच्यासमोर ओरडून सांगायचं? बाईंचं ते जळणं, आईचं हाक मारणं, सगळं?

"चहा घेता का?" मी मोठ्यानं म्हणाले.

"नको," त्या म्हणाल्या.

मी ट्रे घेऊन पुढं गेले. दुसऱ्यांदा विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. दुपारच्या गाडीनं त्या निघून गेल्या.

यंदा लेक आली तेव्हा मी तिला लाल रेघांचं विचारलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आई, त्याला मराठी येतच नव्हतं! शब्दकोश घालायचा राहिला माझ्याकडून. तुझं काही चुकत नव्हतं." तिनं तो घातला आणि रेघा गेल्या. ती हसत होती. मी पण हसले, आणि न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं. चार महिने रोज पुसलेलं सगळं बरोबर होतं. बरोबर आहे हे मला आधी कळलं असतं, तर साठवायची सवय लागली असती.

आता महिनाभर मी दुपारी ते पत्र पुन्हा लिहिते आहे. आधी मी कोण आणि माझ्या हातून काय झालं ते लिहिलं. मग बाईंचं, त्यांच्याच बोलण्यात, मला आठवतं तसं. 'तुला आईचं न कळवणारी मीच.' ओली बाळंतीण, आठ दिवस, हात धरून मरू दे, हे सगळं आलं. 'न्हाई', 'व्हायलं', 'म्हणलं' ह्या त्यांच्या शब्दांखाली अजूनही लाल रेघ येते. ते मी बदलले नाहीत. दर दोन ओळींनी 'साठवा' दाबते. यंत्राला वाटत असेल, ह्या बाईला झालंय तरी काय.

आईच्या निरोपाच्या सात-आठ ओळी मात्र मला येत नाहीत. किती दिवस बसले, पण बोटांना काही आठवत नाही. तिथं मी 'पाळणा' आणि 'उजव्या हाताला' एवढंच लिहून खाली आठ ओळींची जागा कोरी सोडली आहे. बाई असत्या तर ती जागा मला कोरी सोडावी लागली नसती. मावशी नातीला म्हणतील, पलटून बघ. तिथंही काही नसेल.

उद्या कळमनुरीला जाऊन छापून घेईन. आणि ह्या वेळी पाकीट टाकणार नाही, मी स्वतः वसमतच्या गाडीत बसणार आहे. एकटी कधी गेले नाही. नात वाचून दाखवीपर्यंत समोर बसून राहायचं, उठायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. त्यांनी चहा विचारला, तर पहिल्यांदाच हो म्हणेन. त्या दुसऱ्यांदा विचारतील अशी वाट बघायचा हक्क माझा नाही.